आईने निवडलेले बांगडे

त्रेसष्ट सालची गोष्ट. मुंबईच्या कॉलेजात मी बांगड्यांच्या वाढीवर संशोधन करत होते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मालवणला घरी येऊन मासे मोजत बसले. रापणीचं मोठं जाळं वाळूवर ओढून झालं की आई किनाऱ्यावरून टोपलीभर बांगडे आणायची आणि मी पडवीत फूटपट्टीने एकेकाची लांबी मोजायचे. सुट्टीनंतर माझ्या मार्गदर्शक सरांनी आकडे पाहिले आणि विचारलं, "सगळेच इतके मोठे? हे मासे निवडले कोणी?" "आईनं," मी म्हणाले. ते हसले, पण त्यांनी नकारार्थी मान हलवली. "निवडलेले मासे समुद्राबद्दल काही सांगत नाहीत, निवडणाऱ्याबद्दल सांगतात. पुन्हा मोजा, नाहीतर हा प्रबंध मी पुढे पाठवणार नाही." पुढच्याच बोटीने मी घरी आले. आईला समजावलं तेव्हा लेकीला बारके मासे द्यायच्या कल्पनेने तिचा चेहरा पडला. "माज्या चेडवाक बारके मासे देवचे? लोक काय म्हणतले?" "आये, हाताक गावतीत ते दी. बारके पण." दुसऱ्या दिवशी वाळूवर बांगड्यांचा ढीग पडला, तेव्हा आई त्याच्यासमोर बसली, डोळे घट्ट मिटले आणि हाताला लागेल तो मासा टोपलीत टाकत गेली. शेजारच्या बायका हसून लोळत होत्या, पण तिने एकदाही डोळे उघडले नाहीत. तो मिटल्या डोळ्यांचा चेहरा मला अजून दिसतो. पुढे प्रबंधात मी त्या पद्धतीला 'यादृच्छिक नमुना' म्हटलं. त्या दिवशी मात्र टोपली पडवीत ठेवल्यावर आईने पदराखालून एक भलामोठा बांगडा काढला. "हो मोजूचो नाय हां," ती म्हणाली. "हो तुका खावक."