बचावाची शेवटची साक्ष

आवडाबाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढल्या आणि वाशीमच्या कोर्टातल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. रिसोडच्या देशमुखांची सून अशी चारचौघांत उभी राहिलेली कोणी पाहिली नव्हती.

समोर आरोपीच्या जागी त्यांचे यजमान होते. दौलतराव, खड्गदलाचे पुढारी. 'आपल्या बाजारात आपलीच दुकानं' असं ते गावोगाव सांगत फिरले आणि पोरांचे जथे त्यांच्यामागे उभे राहिले. येत्या निवडणुकीत ते असेंब्लीवर जाणार, हे सगळे धरूनच चालले होते. मधेच हा खटला आला. केनवडच्या बाजारात हुसेन मनियाराचं बांगड्यांचं दुकान जाळलं गेलं, तेव्हा हुसेन आत होता. तो वाचला, पण डोळे गेले.

दौलतरावांनी बैलबंडीवर उभं राहून 'पेटवा' म्हटल्याचं बऱ्याच जणांनी ऐकलं होतं. कोर्टात आल्यावर एकाला आठवेना, दुसऱ्याला ऐकूच आलं नव्हतं. जगदेव माळी तेवढा आपल्या बोलण्यावर टिकला. दुसऱ्या सकाळी त्याच्या मळ्यातली वांग्याची झाडं मुळासकट उपटलेली सापडली.

आता जगदेवच्या शब्दासमोर एकच शब्द उभा करायचा होता. दौलतराव त्या दिवशी तापानं घरी पडून होते, असा. अकोल्याहून आणलेल्या वकिलांनी आवडाबाईंकडून तेवढं घोकून घेतलं होतं.

शपथ झाली. वकील पुढे आले.

"आवडाबाई, केनवडचा बाजार होता त्या दिवशी दौलतराव कुठं होते?"

आवडाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मागच्या बाकाशी हुसेनची बायको जैनबी त्याला बसवत होती. हुसेन हातानं बाक चाचपत होता. सणासुदीला देशमुखांच्या ओसरीवर बसून बायांचे हात न दुखवता बांगड्या भरणारी ती बोटं लाकडाची कड शोधत होती.

"आवडाबाई?"

दौलतराव खाकरले. घरात ते असे खाकरले की बाया उठून आत जात.

वकील हसले. "घाबरू नका. तापाचं सांगा. ताप होता ना त्या दिवशी?"

"होता."

वकिलांनी मॅजिस्ट्रेटकडे पाहून मान डोलावली.

"ताप मले होता," आवडाबाई म्हणाल्या.

कोर्टात कोणीतरी खुर्ची सरकवली. वकील घाईनं म्हणाले, "म्हणजे तुम्हां दोघांनाही..."

"नाही. मलेच होता. उठता येत नव्हतं. मी यांले म्हटलं, आज केनवडले जाऊ नका. ते गेले."

"आवडे!" दौलतराव उभे राहिले. शिपायानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आजवर तसा हात कोणी ठेवला नव्हता.

मॅजिस्ट्रेटनी लेखणी थांबवली. "बाई, तुम्ही शपथेवर बोलत आहात. परत कधी आले ते?"

"दिवे लागल्यावर. धोतराले घासलेटाचा वास येऊन राह्यला होता." त्या मॅजिस्ट्रेटकडेच पाहत होत्या. "मले म्हणाले, धोब्याले देऊ नको. तापातच उठून मी ते धोतर धुतलं."

दुपारी हुकूम झाला. खटला अकोल्याच्या सेशन कोर्टाकडे, जामीन रद्द.

दौलतरावांना बाहेर नेताना ते बायकोपाशी क्षणभर थांबले. चेहऱ्यावर रागापेक्षा नवलच जास्त होतं. "काहून केलं?"

"मले विचारलं म्हणून," त्या म्हणाल्या. "तुमी कधी विचारलंच नाही."

आवारात दलाची माणसं हार घेऊन उभी होती. आतली बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. जयजयकार झाला नाही. कोणी शिवीही दिली नाही. देशमुखांच्या बैल जुंपलेल्या दमणीपुढे मात्र ती माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली. त्यांच्यातला गोपीचंद, दौलतरावांचा उजवा हात, गाडीवानाला म्हणाला, "रूपला, उतर खाली. कोणी कुठं जात नाही."

रूपला उतरला. त्यानं आवडाबाईंकडे पाहिलं नाही.

"वहिनी, मुक्काम आता माहेरीच करा," गोपीचंद म्हणाला. "रिसोडले तुमचं काय राह्यलं?"

"घर राह्यलं."

आवडाबाईंनी पदर कमरेला खोचला. दमणीच्या चाकावर पाय ठेवून त्या पुढे, गाडीवानाच्या जागेवर चढल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांनी कासरा हातात घेतला. बैलांनी कान हलवले. समोरची माणसं हलली नाहीत.

त्यांनी कासरा सैल सोडला आणि बैलांना हाक दिली.

बैल चालू लागले.