विसणाचं पाणी

अनसूयाने वाफाळत्या पाण्याची बादली साबण कारखान्याच्या डॉक्टरांच्या टेबलावर आदळली.

"तुझ्या हातांना आता साबण बाधत नाही. आमच्या सुईने पुरळ गेलं, खाज गेली," डॉक्टर पोतनीस म्हणाले. "मग तक्रार कसली?"

"सकाळी पोरीच्या अंघोळीचं पाणी हात घालून बघितलं. मला कोमट लागलं. तिची सगळी पाठ भाजलीय!"

"हातांची कातडी निबर आणि बधिर होऊ शकते, असं कागदावर लिहिलं होतं. खाली तुझी सही आहे."

अनसूयाने बादलीत कोपरापर्यंत हात बुडवला. कातडी लालसुद्धा झाली नाही.

"आता तुम्ही घाला."

डॉक्टरांनी दोन्ही हात मागे घेतले.

"घाला की! विसणाला गार पाणी किती लागेल ते सांगा. मला आता जन्मात कळायचं नाही."