गरम पेटी

पाठीवरची गिटारही न उतरवता किरण थेट मागच्या खोलीत शिरला आणि त्याने मोठ्या पेटीवर तळवा ठेवला. पेटी गरम होती. आजही.

बाकीच्या पेट्या त्याने चाचपून पाहिल्या. सगळ्या गार. पेट्या म्हणजे त्याचे अ‍ॅम्प्लिफायर, जुन्या पद्धतीचे, व्हॉल्व्हचे. आतले काचेचे दिवे पेटून तापले की मगच गिटारला कंठ फुटतो. एक खंडव्याच्या मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आणलेला, एक पुण्याच्या कारागिराने हाताने बांधून दिलेला. मोठी पेटी विलायती, किरणपेक्षा वयाने मोठी. तिचे दिवे आता कुठे मिळत नाहीत आणि जेवढे पेटतील तेवढे झिजतात. म्हणून तो स्वतःसुद्धा ती सणासुदीलाच लावी. लग्नाकार्याला वाजवायला जाताना एक साधा डबा नेई. या पेट्यांनी घराचा उंबरा ओलांडला नव्हता. घरात कुणी त्यांच्यावर धूळ झटकायचं फडकंही मारायचं नाही, असा त्याचा हुकूम होता.

त्याने वाकून पाहिलं. सगळी बटणं जागच्या जागी. पण पेटीच्या डोक्यावर एक ओलसर गोल डाग होता, पेल्याचा म्हणावा तर जरा मोठाच.

म्हणजे नुसतं वाजवणं नाही. बैठकी चालल्या आहेत.

प्रवीण मिलमधून सुट्टी घेऊन आला त्या दिवसापासून हे सुरू झालं होतं. उद्या निंबोल्याच्या लग्नात दोघे भाऊ बऱ्याच वर्षांनी एकत्र वाजवणार होते. किरण गिटार, प्रवीण बेस. किरणने त्यासाठी सगळ्या ओळखीच्यांना फोन केले होते, इतका तो हरखला होता. आणि आता तोच भाऊ आपल्या पाठीमागे पेटीवर पेले ठेवतो, या विचाराने त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

प्रवीण बाहेरच्या खोलीत खाटेवर गोधडी गुंडाळून बेसच्या तारा लावत बसला होता.

"मोठी पेटी कोनं लावली?" किरणने दारातूनच विचारलं.

"मले काय माहीत?"

"घरात आई नी तू. आई त्या खोलीत पाय ठेवत नाही."

प्रवीणने बेस बाजूला ठेवला. "दादा, तुले शक हाये का माह्यावर?"

"शक नाही. गरम हाये. येऊन हात लाव."

"मले लावायचीच असती तं मी विचारलं असतं ना."

"विचारलं असतं तं मी नाही म्हटलं असतं. म्हूनच विचारलं नाही तू."

 प्रवीण एकदम हसला, पण ते हसणं काही बरं नव्हतं.

"बाबा असेच मिलमधून आले की टीव्हीच्या पाठीवर हात ठेवायचे," तो म्हणाला. "आठवते? टीव्ही तू पाहायचा, मार मी खायचो."

किरणला आठवत होतं. पण माणूस एकदा इरेला पेटला की आठवणीलाही जुमानत नाही. "विषय बदलू नको," तो म्हणाला.

प्रवीणने शर्ट पिशवीत कोंबले. बेस खांद्याला लावला. "मिलच्या क्वार्टरवर जातो. उद्याले दुसरा कोनी बघ."

किरणने त्याला अडवलं नाही. उलट खिळ्याला टांगलेलं जुनं कुलूप काढून त्याने मागच्या खोलीला ठोकलं आणि किल्ली खिशात घातली. आपण केलं ते बरोबरच केलं, असं तो स्वयंपाकघरात बसून स्वतःला बजावत राहिला.

त्याची आई, सोजरबाई, शेजारच्या गोदाबाईकडून परत आल्या त्या गडबडीतच. पदर खोचून त्यांनी भाकरी टाकल्या, तीन ताटं मांडली आणि फडताळातून जाड बुडाचं पातेलं काढलं. किरणला दह्याचं लहानपणापासून वावडं. त्याने तिकडे कधी पाहिलंही नसतं, पण आईने पातेलं त्याच्या नाकापुढे धरून चक्क आडवं केलं. दही जागचं हललं नाही.

"बघ कसं लागलं! परवापर्यंत नुसतं पानी व्हतं. या थंडीत लागते का दही?"

"मग आता कसं लागलं?" किरणने आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

सोजरबाईंनी पदर तोंडाला लावला. "ओरडू नको बाप्पा. तुह्या त्या मोठ्या पेटीवर ठेवते दुपारची. तू यायच्या आधी बंद करते. एकच खटका दाबते, लाल दिव्याचा. दुसऱ्याले हात नाही लावत. तू बी आधी तेवढंच करतो ना?"

किरण पातेल्याच्या ओल्या बुडाकडे बघत राहिला.

"बिघडते का रे त्यानं?"

"नाही," तो म्हणाला.

"मग झालं तं. पातळ दह्याले प्रवीण शिवत नाही, म्हून हा खटाटोप. मिलच्या मेसमध्ये कोन देते त्याले असं?" त्यांनी दह्याची मोठी वडी कापून तिसऱ्या ताटात ठेवली. "जाय, हाक मार त्याले. भाकर थंडी होते."

किरण उठला. बाहेरच्या खोलीत आला. हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. खाटेवर गोधडी प्रवीण उठून गेला तशीच पडली होती, मधे खळगा घेऊन.

त्याने खाली वाकून त्या खळग्यात तळवा ठेवला.

गोधडी गार होती.