सातवा प्रश्न

बाईंनी वर्गाला परदेशातून आलेल्यांच्या वस्तीत फिरवलं आणि माझ्याच आईच्या इस्त्रीच्या दुकानात शिरल्या. आई ऑफिसात असते, अशी थाप मी सगळ्यांना मारली होती. मी मुलींमागे दडले. आईनं मला पाहिलं आणि टेबलावरचा माझा दुसरा गणवेश गठ्ठ्याखाली सारला. प्रत्येकीनं कागदावरचा एकेक प्रश्न विचारायचा होता. माझ्या वाट्याला सातवा आला. खालमानेनं मी वाचला, “तुमची मुलं घरी तुमची भाषा बोलतात का?” आईची इस्त्री थांबली. मोडक्यातोडक्या शब्दांत म्हणाली, “एकच लेक आहे, ताई. लहानपणी खूप बोलायची.” “आणि आता?” बाईंनी विचारलं. “आता तिला अभ्यास असतो हो फार.” निघताना मी दारात रेंगाळले, आमच्या भाषेत हाक मारली, “आई.” बाई वळल्या. मान वर न करता आई मला इथल्या भाषेत म्हणाली, “पुन्हा या हं, ताई.”