बायच असंल

"बायच असंल, सायेब. नीट बघा," जमना दारातूनच म्हणाली.

पालघरच्या दवाखान्यात डॉक्टर टेबलावरच्या हाडांवर वाकले होते. बोईसरच्या कारखान्यांमागचा नाला उपसताना ती गाळात सापडली होती. सोबत नाकातली चांदीची एक कडी. कडी बघून हवालदार महादूला दोन वर्षांपूर्वी त्यानेच लिहून घेतलेली तक्रार आठवली. हरवलेली स्त्री, नाव कमळी, वय वीस, बोईसरला कामाला. तो चिंचणीला जाऊन जमनाला घेऊन आला.

"कड्या काय, सगळ्या सारख्याच," एवढंच ती वाटेत बोलली होती. तिची आधीची तिन्ही मुलं सहावी पुजायच्या आत गेली होती. कमळी तेवढी जगली.

"अगं मावशे, उलटं काय मागतेस?" महादू कुजबुजला. "बाई निघाली तर ती तुझीच कमळी. बाप्या निघू दे म्हण!"

जमनाने पदर तोंडात धरला आणि महालक्ष्मीला आळवत राहिली. बाय निघू दे, माय. बाय निघू दे. देह म्हणजे अंगरखा, कीर्तनात बुवा सांगत तेव्हा ती मनापासून टाळी देई. इथे अंगरखा गळून गेला होता, आणि उरलेल्या काड्यांवर तिचा सगळा जीव टांगलेला होता.

डॉक्टरांनी कमरेची हाडं जुळवून समोर धरली. खालच्या फटीत दोन बोटं घालून पाहिली. मग कवटी उचलून भुवईच्या उंचवट्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा कमरेकडे वळले. घाई केली नाही. कोणाच्या तरी लेकीचा प्रश्न होता.

"बाईची कंबर खाली अशी रुंद असते," त्यांनी अंगठा आणि तर्जनी फाकवून दाखवली. "ही अरुंद आहे. हा पुरुष आहे, बाई. वीस-बावीस वर्षांचा."

"सुटलीस, मावशे!" महादूने तिच्या पाठीवर थाप मारली. "तुझी कमळी हाय कुठंतरी. येईल बघ."

जमनाने कडीसाठी हात पुढे केला.

"तीन पोरगे नेले सटवीनं," ती म्हणाली. "म्हनून चवथ्याचं नाक टोचलं, पोरीचं नाव ठेवलं. आजवर कुनापुढं 'तो' म्हनले नाय. कमळी माझा पोरगा, सायेब."