शांत पाळी

गार चहावरून आजोबांची बोंब. खाली पडलेला चमचा. काकांचं बेसूर गाणं. "माझा चष्मा कुणी ढापला?" मग हसू. मग भांडण.

ही वृद्धाश्रमातल्या नव्या मावशींची पाळी. साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं.

"मावशी, तुमच्या पाळीत नुसता बाजार भरतो. मोठ्या ताईंची पाळी बघा, टाचणी पडली तरी ऐकू येते. शिका जरा त्यांच्याकडून, नाहीतर दुसरं काम बघा."

दुसऱ्या दिवशी मावशी ताईंच्या पाळीला जाऊन बसल्या. चहा आजही गारच होता. आजोबांनी तो मुकाट्याने संपवला. काका गुणगुणायला लागले, तशा ताई काही न बोलता उठल्या आणि न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. काकांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

"गप्प बसतो, ताई. आत नको."

"बघितलंस ना, मावशी? आवाजसुद्धा चढवावा लागत नाही."

दिवसभर मावशींचा पाय एका जागी ठरेना. संध्याकाळी त्या साहेबांच्या खोलीत गेल्या.

"काय मग, शिकलात का काही?"

मावशींनी पिशवीतून एक लोखंडी कडी काढून टेबलावर ठेवली, स्क्रूसकट.

"न्हाणीघराच्या दाराला बाहेरून होती, साहेब. मी काढली."

साहेबांनी उठून खोलीचं दार लावून घेतलं.

मागच्या वर्षी ती कडी बसवायला सुतार त्यांनीच बोलावला होता.