हलू नका, बोलू नका

"कुणी हलू नका! बोलूही नका!" हेमंत सर ओरडले आणि साखरशेतचा अख्खा मांडव पुतळा झाला. लग्न लावणारी धवलेरी रखमी गाता गाता अर्ध्या ओळीत थांबली.

सरांचा कॅमेरा नवा होता. समोरच्या माणसाचे डोळे तो आपले आपण शोधायचा. सरांनी त्याला वडिलांच्या वेळची जुनी लेन्स बसवून ती सोय बंद पाडली होती. आता लेन्सचं कडं हातानं फिरवायचं, एक चेहरा स्पष्ट करायचा. त्यानं जरा मान हलवली की पुन्हा पहिल्यापासून. याला छंद म्हणतात.

त्यांच्याच शाळेतल्या पुष्पलताबाईंनी त्यांना मोखाड्याहून मुद्दाम बोलावलं होतं. "सर, आमच्या घरात लग्नाचा एकही फोटो नाही. भिंतीवर लावण्यासारखा एक तरी काढा," एवढं सांगून त्या भाताच्या पातेल्याकडे पळाल्या होत्या.

सरांनी बाईंचा धाकटा भाऊ नीलेश आणि त्याची जयवंती यांच्यावर लेन्स रोखली. हळद, कोरे कपडे, लाजरं हसू, सगळं जमून आलं होतं. फक्त बाईंचे आईवडील, माघी आणि फागू, सारखे मधे येत होते. लेन्समधून ते दोन पिवळे ढग दिसत.

"मावशी, जरा मागे व्हा."

माघी मागे झाली. सरांनी कडं फिरवलं. ढग पुन्हा पुढे.

"बाबा, तुम्हीपण. फोटो होऊ द्या, मग जेवायचंच आहे."

फागू मागे झाला. हसू दाबताना नीलेशचे खांदे गदगदू लागले. जयवंतीनं तोंडाला पदर लावला. पण बोलायचं नाही म्हणजे नाही, मास्तरांचा शब्द.

"नीलेश, हलू नकोस रे! आणि मावशी, अहो, जन्मभर राहणारा फोटो आहे. नवरीला पुढे येऊ द्या की!"

माघीनं पदर खोचला, फागूचा हात धरला आणि थेट लेन्सपुढे येऊन उभी राहिली.

"तीच तर आलीय! संसार झाला, पोरं झाली, लगीन तेवढं राहून गेलं. आमच्यात बापाचं लागल्याबिगर पोराचं लागत नाही, म्हणून आधी आमचं, पोरांचं सांजच्याला. आता आपल्याच लग्नात मी किती मागं सरू, मास्तर?"